क्रूझहून परतताना अमेरिकी कस्टम्स: सवलत किती, ड्युटी किती, जाहीर काय करायचं

सेंट थॉमस बेटावर शार्लट अमालीची मेन स्ट्रीट असो, सिंट मार्टेनमधल्या फिलिप्सबर्गची फ्रंट स्ट्रीट असो किंवा जहाजावरचं दुकान, 'ड्युटी-फ्री'ची पाटी सगळीकडे दिसते. त्या दुकानदाराने त्या मालावर तिथला कर भरलेला नाही, एवढाच तिचा अर्थ. मायामी, पोर्ट कॅनव्हेरल किंवा गॅल्व्हेस्टनला उतरल्यावर तोच माल अमेरिकेत आयात होत असतो आणि त्याचा हिशेब नव्याने होतो. जहाजावर घेतलेलं घड्याळ, बंदरावर घेतलेली अंगठी, भावासाठी घेतलेली रमची बाटली, कोणी भेट दिलेला हार, सगळं त्या हिशेबात धरतात.

बहुतेक कुटुंबांची खरेदी सवलतीच्या आतच बसते. सवलत ओलांडली तरी ड्युटी सहसा फार नसते. लोक अडचणीत येतात ते ड्युटीमुळे नाही, न सांगितल्यामुळे. म्हणून नियमांइतकंच 'कसं सांगायचं' हेही इथे सविस्तर दिलं आहे. अमेरिकेतल्या बंदरावरून निघून तिथेच परतणाऱ्या कॅरिबियन, बहामा आणि मेक्सिकोच्या क्रूझ डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. सगळ्या रकमा अमेरिकी डॉलरमध्ये आहेत.

निघण्यापूर्वी करायच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे घरून नेत असलेल्या महागड्या वस्तूंचा पुरावा. परदेशी बनावटीचा कॅमेरा, लेन्स, चांगलं घड्याळ, भारतातून आणलेले सोन्याचे दागिने, या वस्तू क्रूझवर घेतलेल्या नाहीत हे परतताना सिद्ध करायची वेळ येऊ शकते. सिरियल नंबर असलेल्या वस्तूसाठी कस्टम्सचा, म्हणजे सीबीपीचा, फॉर्म ४४५७ असतो. वस्तू घेऊन सीबीपीच्या कार्यालयात जायचं, अधिकारी वस्तू आणि नंबर पाहून फॉर्मवर शिक्का मारतो. हे बोटीवर चढायच्या दिवशी गर्दीत करू नका, आधीच्या आठवड्यात जवळच्या विमानतळावरच्या किंवा बंदरावरच्या कार्यालयात उरकून घ्या. दागिन्यांवर नंबर नसतो. तिथे जुनी पावती, विम्याची कागदपत्रं किंवा सराफाचं मूल्यांकन चालतं. पाटल्या-बांगड्या घालून जाणार असाल तर त्यांचा फोटो आणि पावतीची प्रत फोनमध्ये ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे, कस्टम्सच्या दृष्टीने आपल्यापैकी कोण 'परतणारा निवासी' आणि कोण 'पाहुणा' हे ठरवून ठेवा. आपल्याकडच्या कुटुंबांचा गोंधळ इथेच जास्त होतो. कस्टम्सचा निकष नागरिकत्वाचा नाही, घर कुठे आहे याचा आहे. अमेरिकेत घर करून राहणारा आणि तिथेच परतणारा माणूस निवासी. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आई-बाबा किंवा सासू-सासरे मुलाच्याच घरी राहत असले तरी त्यांचं घर भारतात आहे, म्हणून ते पाहुणे.

निवासींच्या मोठ्या सवलती पाहुण्यांना मिळत नाहीत. त्यांचे स्वतःचे कपडे, अंगावरचे दागिने, कॅमेरा यांना अडचण नाही. २१ वर्षांवरील पाहुण्याला १ लिटर दारू चालते. भेटवस्तू मात्र १०० डॉलरपर्यंतच, तीही अमेरिकेतला मुक्काम किमान ७२ तासांचा असेल आणि आधीच्या सहा महिन्यांत ही सवलत घेतली नसेल तर. त्यामुळे 'आईच्या नावावर निवासीची ८०० डॉलरची सवलत घेऊ' हा बेत चालत नाही. आई-बाबा पुढे भारतात परततील तेव्हा तिथल्या कस्टम्सचे नियम पुन्हा वेगळे लागू होतात. क्रूझवरचं सोनं त्यांच्यासोबत पाठवायचं असेल तर ते नियम खरेदीच्या आधी बघावेत.

आपली सवलत किती?

निवासी माणसासाठी तीन आकडे आहेत: २००, ८०० आणि १६००. यातला कोणता लागू होईल हे क्रूझचा मार्ग आणि कालावधी यावर ठरतं.

साधारण आकडा ८०० डॉलर. तो माणशी आहे, आणि मूल कितीही लहान असलं तरी त्यालाही मिळतो. अटी दोन. तुम्ही अमेरिकेबाहेर किमान ४८ तास असायला हवं आणि गेल्या ३० दिवसांत ही सवलत, तिचा छोटासा भागसुद्धा, वापरलेला नसावा. दुसरी अट पटकन विसरली जाते. महिन्याच्या सुरुवातीला भारतातून परतताना साड्या आणि मिठाई मिळून ३०० डॉलरचं सामान जाहीर केलं असेल, तर त्याच महिन्यातल्या क्रूझला उरलेले ५०० मिळत नाहीत. ८०० ची सवलत त्या वेळेपुरती संपलेली असते.

४८ तासांची अट छोट्या क्रूझना नडते. शुक्रवारी संध्याकाळी पाचला फ्लोरिडातून निघून रविवारी सकाळी सातला परत येणारी दोन रात्रींची बहामा क्रूझ ३८ तासांचीच होते. तीन रात्रींची क्रूझ सहसा ४८ तासांच्या पुढे जाते. मेक्सिको आणि यूएस व्हर्जिन आयलंड्सला ही अट लागू नाही.

या अटी पूर्ण झाल्या नाहीत तर २०० डॉलरचा आकडा लागतो, आणि तो दिसतो त्यापेक्षा कडक आहे. एकूण खरेदी २०० च्या आत असेल तर सगळी माफ. पण ती २३० झाली, तर फक्त वरच्या ३० वर नाही, सगळ्या २३० वर ड्युटी लागू शकते. कुटुंबातल्यांचे २००-२०० एकत्र करता येत नाहीत. दारू किंवा अल्कोहोल असलेलं परफ्यूम यांपैकी एकच, १५० मिलीपर्यंत चालतं. म्हणजे दोन रात्रींच्या क्रूझहून आणलेली रमची नेहमीची ७५० मिलीची बाटली या सवलतीत बसतच नाही.

मोठा आकडा १६०० चा. क्रूझ यूएस व्हर्जिन आयलंड्सला, म्हणजे सेंट थॉमस, सेंट जॉन किंवा सेंट क्रॉईला थांबत असेल तर तो मिळतो. ग्वाम, अमेरिकन समोआ आणि नॉर्दर्न मारियाना बेटांनाही हीच सवलत आहे. पण १६०० पैकी जास्तीत जास्त ८०० डॉलरचाच माल इतर ठिकाणचा असू शकतो. जहाज सेंट थॉमसला थांबलं म्हणून सिंट मार्टेनचं १५०० डॉलरचं घड्याळ माफ होत नाही. मार्गावर दोन्ही बेटं असतील तर मोठी खरेदी सेंट थॉमसला करणं फायद्याचं ठरतं. पावतीवर दुकानाचा पत्ता त्याच बेटाचा आहे ना, हे तिथेच बघून घ्या. शेजारची टॉर्टोला आणि व्हर्जिन गॉर्डा ही ब्रिटिश बेटं आहेत, तिथल्या खरेदीला १६०० ची सवलत नाही.

पोर्टो रिको मात्र अमेरिकेच्या कस्टम्स हद्दीतच येतं. सॅन हुआनमध्ये घेतलेल्या वस्तू परदेशी खरेदी नसतात, त्यामुळे सवलतीत धरल्या जात नाहीत. तरी पावती ठेवा, कारण नुसती वस्तू बघून ती कुठे घेतली हे कळत नाही. तिथून निघताना फळं आणि झाडं यांची तपासणी होतेच.

कुटुंबाचा एकत्रित हिशेब

एका घरात राहणारे, रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्याने जोडलेले आणि एकत्र परतणारे लोक ८०० आणि १६०० च्या सवलती एकत्र करू शकतात. नवरा-बायको आणि दोन मुलं म्हणजे ३२०० डॉलर. ते चौघांत सारखे वाटले जायला हवेत असं नाही. आईची एकटीची ३००० ची अंगठी आणि मुलांचे टी-शर्ट, असंही चालतं. मुलांची सवलत दारू-तंबाखूसाठी मात्र वापरता येत नाही. सोबत क्रूझवर आलेलं मित्राचं कुटुंब तुमच्या हिशेबात येत नाही. वेगळ्या घरी राहणारा सख्खा भाऊसुद्धा नाही.

दारू आणि तंबाखू

यांची मर्यादा डॉलरमध्ये नसून लिटर आणि नगांत आहे, आणि ती डॉलरच्या सवलतीच्या आत मोजतात. म्हणजे बाटलीची किंमतही ८०० मध्ये धरायची.

८०० च्या सवलतीत २१ वर्षांवरील प्रत्येकाला १ लिटर. जमैका, बार्बाडोस यांसारख्या सवलतप्राप्त कॅरिबियन देशांतून येत असाल आणि एक लिटर अशाच देशात बनलेला असेल, तर २ लिटरपर्यंत चालतं. बाटलीवर कुठे बनली हे छापलेलं असतं, तेच ग्राह्य धरतात. जमैकात घेतलेली स्कॉच ही जमैकाची दारू नव्हे.

यूएस व्हर्जिन आयलंड्सची सवलत असेल तर ५ लिटर. त्यातला १ लिटरच बाहेरचा चालतो आणि किमान एक बाटली त्या बेटांवर बनलेली हवी. सेंट क्रॉईवर रम बनते, त्यामुळे ही अट सहज पूर्ण होते. पण लोक पाचही बाटल्या व्हिस्की आणि व्होडकाच्या घेतात आणि इथेच चुकतात. ७५० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे साडेचार लिटर, त्या पाचांत बसतात. सातवी घेतली की सव्वापाच लिटर होतात. १.७५ लिटरचा मोठा बुधला एकदम मर्यादा खातो.

जादा बाटली आणायला बंदी नाही, ड्युटी आणि केंद्रीय अबकारी कर भरायचा. ७५० मिलीच्या ८० प्रूफ, म्हणजे ४० टक्के अल्कोहोलच्या, दारूवर हा अबकारी कर सुमारे २.१४ डॉलर बसतो. म्हणजे एखादी जादा बाटली लपवण्यात काहीच शहाणपणा नाही. खूप बाटल्या असतील तर मात्र माल विक्रीसाठी आहे का, हा प्रश्न येतो आणि राज्याचे नियमही आड येतात.

राज्यांचं उदाहरण द्यायचं तर गॅल्व्हेस्टन. तिथे सीबीपीच्या पुढे टेक्सासच्या अल्कोहोल विभागाचं वेगळं टेबल असतं. केंद्राने माफ केलेल्या पहिल्या लिटरवरही टेक्सास आपला कर आणि शुल्क घेतं. रक्कम बाटलीमागे काही डॉलरच असते, पण ते टेबल टाळून पुढे गेल्यास बाटली जप्त होऊ शकते.

तंबाखूत माणशी २०० सिगारेटी आणि १०० सिगार. व्हर्जिन आयलंड्सहून येताना १००० सिगारेटी, त्यांत इतर ठिकाणच्या २०० पर्यंतच. क्युबन सिगार नासाऊ आणि कोझुमेलच्या दुकानांत उघडपणे मिळतात, पण २४ सप्टेंबर २०२० पासून क्युबात बनलेली दारू आणि तंबाखू वैयक्तिक वापरासाठीही अमेरिकेत आणता येत नाही. तिथे विकत घेऊन तिथेच ओढायला हरकत नाही. बॅगेतून एकसुद्धा आणू नका.

सवलतीच्या वर गेल्यावर ड्युटी कशी काढतात

सवलतीच्या वरच्या पहिल्या १००० डॉलरला माणशी सरसकट ३ टक्के. व्हर्जिन आयलंड्सच्या मालाला दीड टक्का. कुटुंब एकत्र असेल तर ही १००० ची मर्यादाही एकत्र होते. माल स्वतःसाठी किंवा भेटीसाठी असला पाहिजे, विक्रीसाठी नाही. त्याच्याही वर गेलेल्या रकमेला वस्तूप्रमाणे दर लागतो. सोन्याच्या दागिन्यांचा मूळ दर साधारण ५ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान असतो, सुट्या हिऱ्यांवर मूळ ड्युटी नाही. अधिकारी सहसा जास्त दराच्या वस्तू आधी सवलतीत बसवतो आणि कमी दराच्या वस्तू ड्युटीसाठी ठेवतो. म्हणजे हिशेब प्रवाशाच्या सोयीनेच होतो.

दोन उदाहरणं घेऊ.

एक जण एकटा प्रवास करतोय. सिंट मार्टेनला ३५०० डॉलरची सोन्याची अंगठी घेतली, मार्गावर व्हर्जिन आयलंड्स नाहीत. पहिले ८०० माफ. पुढच्या १००० वर ३ टक्के, म्हणजे ३० डॉलर. उरले १७००. त्यावर साडेपाच टक्के मूळ दर धरला तर ९३.५०. एकूण १२३.५० डॉलर.

दुसरं उदाहरण जोडप्याचं. सेंट थॉमसला २५०० डॉलरचं घड्याळ, सिंट मार्टेनला ९०० चा कॅमेरा. दोघांची सवलत ३२००, त्यात इतर ठिकाणचा माल १६०० पर्यंत चालतो, कॅमेरा ९०० चाच आहे. एकूण खरेदी ३४००, वर गेले २००. सरसकट दराने ड्युटी ३ ते ६ डॉलर.

हे आकडे एवढ्यासाठी दिले की पुढचा आकडा त्यांच्या शेजारी ठेवून बघावा. जाहीर न केलेली वस्तू सापडली तर कायद्याने ती वस्तू जप्त होऊ शकते आणि शिवाय तिच्या किमतीइतका दंड बसू शकतो. १२३ डॉलर वाचवायला गेलेला माणूस ३५०० ची अंगठी आणि वर ३५०० डॉलरपर्यंत दंड, असं दुहेरी नुकसान ओढवून घेतो. ग्लोबल एंट्री, म्हणजे सीबीपीची जलद प्रवेशाची नोंदणी, असेल तर ती रद्द होऊ शकते, ते वेगळंच.

२०२५ पासून अमेरिकेने अनेक देशांच्या मालावर जादा टॅरिफ लावले. त्या वर्षी एप्रिलमध्ये निघालेल्या आदेशात प्रवाशासोबत आलेल्या वैयक्तिक वापराच्या सामानाला त्यातून वगळलं होतं. तरीही हजारोंची खरेदी करणार असाल तर निघण्यापूर्वी सीबीपीच्या संकेतस्थळावर त्या वेळचे दर बघून घ्या.

खरेदी करताना

किंमत म्हणजे तुम्ही खरंच दिलेली रक्कम. दुकानाने किंमत कमी केली असेल तर ती कमी केलेली, स्थानिक कर दिला असेल तर करासकट. फुकट मिळालेल्या किंवा बक्षीस लागलेल्या वस्तूची त्या देशातली वाजवी किरकोळ किंमत धरतात.

दागिन्यांच्या दुकानांत एक प्रकार सर्रास चालतो. विक्रेता म्हणतो, 'कस्टम्ससाठी कमी रकमेची पावती देतो.' ती कधीच घेऊ नका. खोट्या पावतीवर जाहीर करणं हे न सांगण्याइतकंच गंभीर आहे, आणि कार्डाच्या स्टेटमेंटवर खरी रक्कम असतेच. पुढे विमा काढायचा किंवा अंगठी परत करायची झाली तरी ती पावती तुमच्याच विरोधात जाते. दुकानदाराने दिलेलं 'अप्रेझल' पावतीपेक्षा बरंच चढ्या किमतीचं असतं, त्यामुळे तो कागद आणि खरी पावती वेगवेगळ्या ठेवा आणि जाहीर करताना पावतीच दाखवा. 'ही वस्तू पूर्ण ड्युटी-फ्री आहे, सांगायची गरज नाही' असंही ऐकवतात. एखाद्या वस्तूचा दर शून्य असू शकतो, पण जाहीर तर करावीच लागते.

दुकानातून घरी पार्सल पाठवलेला माल तुमच्या ८०० मध्ये धरत नाहीत, त्यावर वेगळी ड्युटी लागते. पूर्वी ८०० डॉलरपर्यंतची पार्सलं आपोआप सुटायची. ती सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित झाली. यूएस व्हर्जिन आयलंड्सहून पाठवलेल्या मालासाठी फॉर्म २५५ ची सोय आहे, पण सामान हातात नेणं शक्य असेल तर तेच करावं.

नकली ब्रँडच्या पर्स आणि घड्याळांबाबत: वैयक्तिक वापरासाठी प्रत्येक प्रकारची एक वस्तू, ३० दिवसांतून एकदा, एवढीच मुभा आहे. मैत्रिणींसाठी चार सारख्या पर्स आणल्या तर त्या जातात.

काही वस्तू घेऊच नयेत. कासवाच्या कवचाच्या बांगड्या आणि कंगवे कॅरिबियन बाजारांत अजूनही दिसतात. ते संरक्षित प्राण्याचं अवशेष आहे आणि सरळ जप्त होतं. काळ्या प्रवाळाच्या दागिन्यांना परवाना लागतो. मेक्सिकोतल्या औषधांच्या दुकानांत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या अमेरिकेत नियंत्रित असू शकतात, त्यांचा मोह टाळा. मेक्सिकोतलं स्वस्त 'व्हॅनिला' घेताना बाटलीवरचे घटक वाचा. काही बाटल्यांत कुमारिन असतं, ज्याला अमेरिकेत अन्नात परवानगी नाही.

खाण्याच्या वस्तू

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते दागिन्यांत नाही, सफरचंदात. शेवटच्या सकाळी बुफेतून उचललेलं फळ मुलाच्या पाठपिशवीत राहतं. बंदरावर कृषी तपासणीचे प्रशिक्षित कुत्रे असतात, ते बॅगेजवळ येऊन शांतपणे बसतात आणि मग बॅग उघडावी लागते. ताजी फळं, भाज्या, मांस, माती लागलेली रोपं, बिया या गोष्टींतून कीड आणि रोग येतात, म्हणून इथे ढिलाई नसते. न सांगता आणलेल्या वस्तूवर पहिल्या वेळी १००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. सांगितलं तर अधिकारी फार तर ती वस्तू काढून घेतो आणि तुम्ही पुढे जाता.

रम केक, भाजलेली कॉफी, चॉकलेट, सीलबंद तिखट सॉस हे सहसा सुटतं. पण 'खाण्याचं काही आहे का' असं विचारल्यावर हेसुद्धा सांगायचं. चालतं की नाही हे अधिकारी ठरवेल. जहाज सोडण्याआधी प्रत्येक पिशवीचे बाहेरचे कप्पे रिकामे करून बघा, विशेषतः मुलांच्या.

शेवटची संध्याकाळ

बंदरांवर घेतलेल्या बाटल्या बहुतेक जहाजं चढतानाच ताब्यात घेतात आणि शेवटच्या संध्याकाळी किंवा उतरण्याच्या सकाळी परत देतात. त्या मिळाल्यावर पुढचं काम असं करा:

१. सगळ्या पावत्या एकत्र करा, जहाजावरच्या दुकानाच्या सुद्धा. जहाजाच्या खात्याच्या अंतिम बिलावरून त्या पडताळून बघा, स्पा किंवा दुकानातली एखादी खरेदी राहून गेलेली असते.

२. एका कागदावर चार रकाने करा: वस्तू, कुठे घेतली, किंमत, कोणाची. व्हर्जिन आयलंड्सची खरेदी वेगळी लिहा, पोर्टो रिकोची त्याहून वेगळी.

३. बेरीज करून सवलतीशी ताडून बघा. वर जात असेल तर किती, हे पाठ ठेवा.

४. पावत्यांचं पाकीट, दागिने, घड्याळ आणि ड्युटी लागेल अशा वस्तू हातातल्या बॅगेत घ्या. बाकीच्या मोठ्या बॅगा रात्री केबिनबाहेर ठेवल्या की त्या थेट टर्मिनलच्या हॉलमध्येच भेटतात. अधिकाऱ्याने मागितलेली पावती तिथल्या बॅगांच्या ढिगात शोधणं फार त्रासाचं असतं.

५. रोख रक्कम मोजा. १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर फिनसेन १०५ हा फॉर्म भरावा लागतो. कुटुंब एकत्र जाहीर करत असेल तर सगळ्यांची मिळून रक्कम मोजतात. जहाजावरच्या कॅसिनोत जिंकलेले पैसेही यात आले. एवढी रक्कम आणायला बंदी नाही आणि तिच्यावर ड्युटीही नाही, फक्त कळवायची असते.

टर्मिनलवर

बॅगा घेतल्या की रांग सीबीपी अधिकाऱ्यापर्यंत जाते. बऱ्याच बंदरांवर आता चेहऱ्याच्या छायाचित्रावरून ओळख पटवतात आणि सामान जाहीर करायचा कागदी फॉर्म ६०५९बी देतच नाहीत. तिथे तोंडी सांगणं हेच जाहीर करणं. फॉर्म मिळालाच तर एका कुटुंबाला एकच भरायचा. काही बंदरांवर सीबीपीचं मोबाइल पासपोर्ट कंट्रोल हे मोफत ॲप चालतं. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक ते वापरू शकतात, कामाच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मात्र ते वापरता येत नाही.

चेहरा ओळखून अधिकारी दोन मिनिटांत 'वेलकम होम' म्हणाला आणि त्याने काही विचारलंच नाही, असं अनेकदा होतं. अशा वेळी स्वतःहून बोला. 'आम्ही चौघे, एक घर, एकूण खरेदी ३९००, त्यात २१०० सेंट थॉमसची. चार बाटल्या दारू, एक रम केक, इतर खाण्याचं काही नाही.' एवढं एका दमात सांगितलं की अधिकाऱ्याचं निम्मं काम होतं. 'थोडं काहीतरी घेतलंय', 'काही विशेष नाही' अशी मोघम उत्तरं टाळा, त्यावर पुढचे प्रश्न येतातच.

एखादी वस्तू सांगायची राहिली हे रांगेतून पुढे गेल्यावर आठवलं, तर बॅग तपासायला सुरुवात होण्यापूर्वी लगेच सांगा. तपासणी सुरू झाल्यावर आठवलं असं म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

ड्युटी असेल तर बाजूच्या खोलीत किंवा काउंटरवर पाठवतात. पावत्या बघून हिशेब होतो. डॉलरमधली रोख रक्कम किंवा अमेरिकी बँकेचा चेक चालतो, कार्ड काही ठिकाणी चालतं आणि काही ठिकाणी नाही. म्हणून अंदाजे रकमेइतकी रोकड जवळ असू द्या. भरलेल्या ड्युटीची पावती घ्या आणि वस्तूच्या पावतीला जोडून ठेवा. पुढच्या परदेशवारीत ती अंगठी घालून गेलात, तर ती आधीच आयात झालेली आहे हे तोच कागद सांगेल.

सकाळी अकराच्या आतलं विमान पकडायचं असेल आणि ड्युटी भरायची असेल, तर वेळेची ओढाताण होते. काउंटरवर पंधरा मिनिटं लागतील की तासभर, हे त्या दिवशी किती जहाजं लागली आहेत यावर असतं. मोठी खरेदी करायचा बेत असेल तर विमान दुपारचंच घ्या.

पुढे विमानाने जाणार असाल तर

क्रूझवरून आणलेली बाटली केबिन बॅगेत चालत नाही. सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थांची १०० मिलीची मर्यादा लागते. विमानतळावरच्या दुकानांतल्या सीलबंद पिशवीला मिळणारी सूट बंदरावरून आलेल्या बाटलीला मिळत नाही. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू माणशी ५ लिटरपर्यंत चालते, तीही न उघडलेल्या बाटल्यांत. ७० टक्क्यांच्या वरची दारू, म्हणजे १५१ प्रूफची रम, विमानात कुठेच चालत नाही, चेक-इन बॅगेतही नाही. तिच्यावर कस्टम्समध्ये ड्युटी भरली असली तरी विमानतळावर ती सोडून द्यावी लागते. त्यामुळे विमानाने घरी जाणाऱ्यांनी ती बंदरावर घेऊच नये.